दिल्लीहून निघताना, फ्रँकफर्टहून परतताना

परदेशी निघालेले परिचित तिकीट काढण्यापूर्वी एक प्रश्न हमखास विचारतात : आपल्या विमानाने जावे, की दुसऱ्या कुठल्या? या प्रश्नातल्या ‘आपल्या’ या शब्दाशी मी दरवेळी थबकतो. एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ पासून भारत सरकारच्या मालकीची राहिलेली नाही. तरीही विमानावरचे नाव आणि महाराजाची सवयीची आठवण यांमुळे ती अजून ‘आपली’च वाटते, आणि राष्ट्रीय ध्वजवाहक म्हणून तिचा उल्लेख वृत्तपत्रांतून सर्रास होतो. त्या विमानातील आसने किती रुंद आहेत आणि जेवण कसे मिळते, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मला येथे वेगळ्या गोष्टीचा हिशोब मांडायचा आहे. उड्डाण रद्द झाले, सहा तास रखडले, सामान हरवले किंवा पक्के तिकीट असूनही दारातून परत पाठवले गेले, तर प्रवाशाच्या हाती कायद्याने काय पडते? याचे उत्तर विमानावर कोणता ध्वज आहे यापेक्षा ते कोणत्या भूमीवरून उडाले यावर अवलंबून असते. आणि भारतीय कंपनीच्या भारतीय प्रवाशाला सर्वांत कमी संरक्षण मिळते ते भारतातून निघताना.

‘ध्वजवाहक’ ही कल्पना मुळात जहाजांची. समुद्रावर जहाज ज्या देशाचा ध्वज फडकवते त्या देशाचा कायदा त्याला लागू होतो. विमानांच्या बाबतीत हे तत्त्व १९४४ च्या शिकागो करारात नोंदले गेले. प्रत्येक देशाचे आपल्या आकाशावर संपूर्ण सार्वभौमत्व आहे, परक्या देशाची नियमित विमानसेवा त्याच्या परवानगीवाचून चालू शकत नाही, आणि विमान ज्या देशात नोंदले गेले त्याचे राष्ट्रीयत्व त्याला लाभते, अशी त्याची मांडणी आहे. भारतीय विमानांच्या नोंदणी क्रमांकाच्या आरंभी आजही ‘व्हीटी’ ही अक्षरे असतात. ती ब्रिटिश काळात मिळाली. त्यांचा अर्थ ‘व्हाइसरॉयचा प्रदेश’ असा सांगण्याची प्रथा पडली असून अधूनमधून संसदेतही तिची आठवण निघते. परवानगीवाचून उडता येत नसल्यामुळे देशादेशांत द्विपक्षीय करार झाले. आठवड्याला किती फेऱ्या किंवा किती आसने, कोणत्या शहरांतून, हे त्यांत ठरते. भारत आणि दुबई यांच्यात प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे ६५ हजार आसनांची मर्यादा आहे. ती वाढवावी की नाही यावर वर्षानुवर्षे वाद चालू आहे, आणि आखाताच्या तिकिटांचे भाव त्या वादाशी बांधलेले आहेत. या करारांत प्रत्येक देश आपली कंपनी ‘नियुक्त’ करतो. कंपनीची भरीव मालकी आणि परिणामकारक नियंत्रण त्या देशाच्या नागरिकांकडे असावे, ही त्यातली रूढ अट. ध्वजवाहकाचा कायदेशीर गाभा एवढाच. या निकषावर इंडिगो हीदेखील एअर इंडियाइतकीच भारताने नियुक्त केलेली कंपनी ठरते.

भारतात मात्र या शब्दाला कायद्यापलीकडचे वजन आले, आणि त्याला कारणे होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल घेऊन विमान आणले. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा त्या आंतरराष्ट्रीय कंपनीत सरकारचा वाटा ४९ टक्के होता. स्वातंत्र्याला वर्षही झाले नव्हते. दिल्लीतील राज्यकर्त्यांच्या दृष्टीने लंडनच्या धावपट्टीवर उतरणारे भारतीय विमान ही परराष्ट्र धोरणाचीच एक कृती होती. पुढे १९५३ च्या कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले, देशांतर्गत आठ कंपन्यांची मिळून इंडियन एअरलाइन्स बनली, आणि परदेशी मार्ग एअर इंडियाकडे राहिले. टाटांना हे राष्ट्रीयीकरण रुचले नव्हते; तरी १९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारने दूर करेपर्यंत ते तिचे अध्यक्ष राहिले. त्या पंचवीस वर्षांत सरकारी मालकी आणि व्यावसायिक स्वायत्तता यांचा जो तोल साधला गेला, तो आपल्या सार्वजनिक उपक्रमांच्या इतिहासात विरळाच. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्याचे श्रेय धोरणापेक्षा व्यक्तीला अधिक द्यावेसे वाटते, आणि व्यक्तीवर उभा असलेला तोल व्यक्तीबरोबर जातो.

ध्वजवाहकाच्या बाजूने सर्वांत भावनिक दाखला दिला जातो तो १९९० चा. इराकने कुवेत व्यापल्यावर अडकलेल्या एक लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे मायदेशी आणण्यात आले. सुमारे दोन महिन्यांत एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सच्या मिळून चारशेहून अधिक फेऱ्या झाल्या. सरकारच्या मालकीची कंपनी नसती तर हे कसे घडले असते, असा प्रश्न निर्गुंतवणुकीच्या प्रत्येक चर्चेत विचारला जाई. याचे उत्तर काळाने फार लवकर दिले. एअर इंडिया टाटा समूहाच्या हाती गेल्यानंतर बरोबर तीस दिवसांनी, २६ फेब्रुवारी २०२२ रोजी, युक्रेनमधून बाहेर पडलेल्या भारतीय विद्यार्थ्यांचे पहिले विमान बुखारेस्टहून मुंबईला उतरले. ते एअर इंडियाचेच होते. पुढच्या फेऱ्या तिच्याबरोबर इंडिगो, स्पाइसजेट आणि हवाई दलानेही केल्या. सरकारने विमाने मागवली आणि ती आली. त्यामुळे संकटकाळासाठी मालकी हवी हा युक्तिवाद आता फारसा टिकत नाही.

आर्थिक बाजू तर त्याहून स्पष्ट होती. २००५-०६ मध्ये दोन्ही सरकारी कंपन्यांसाठी १११ विमानांची मागणी नोंदवली गेली, २००७ मध्ये त्यांचे विलीनीकरण झाले, आणि त्यानंतर कंपनी तोट्यातून कधीच बाहेर आली नाही. १३ जुलै २००९ च्या आदेशाने सरकारी खर्चाने होणारा प्रत्येक विमानप्रवास एअर इंडियानेच करण्याचे बंधन आम्हा अधिकाऱ्यांवर आले. दुसरी कंपनी निम्म्या भाड्यात नेत असली तरी मंत्रालयाची खास परवानगी मिळाल्याशिवाय ती घेता येत नसे. एका सरकारी खिशातून दुसऱ्या सरकारी खिशात पैसे टाकण्याची ही व्यवस्था प्रशासनातील सर्वांनाच ठाऊक होती. ३१ ऑगस्ट २०२१ अखेर कंपनीवर ६१,५६२ कोटी रुपयांचे कर्ज होते. टाटा समूहाने १८,००० कोटींची बोली लावली. त्यांतील १५,३०० कोटी कर्जापोटी आणि २,७०० कोटी रोख. उरलेले ४६,२६२ कोटींचे कर्ज सरकारने आपल्याच एका वेगळ्या कंपनीकडे वळवले. मुंबईतील नरिमन पॉइंटची प्रसिद्ध इमारत त्याच कंपनीकडे होती आणि ती महाराष्ट्र शासनाने १,६०१ कोटींना घेतली, हे मराठी वाचकांच्या स्मरणात असेल. विक्री व्हायला हवी होती, आणि ती आणखी पंधरा वर्षे आधी व्हायला हवी होती, असे माझे मत आहे.

या व्यवहारात एक बाजू मात्र कोणी फारशी तपासली नाही. सरकारी मालकीच्या काळात प्रवासी हा ग्राहक होताच, शिवाय नागरिकही होता. तो माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करू शके. त्याचा खासदार संसदेत प्रश्न विचारू शके. नियंत्रक व महालेखापरीक्षक हिशोब तपासत. कंपनी ‘राज्य’ या संज्ञेत बसत असल्याने उच्च न्यायालयात रिट याचिका करता येई. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या गरोदरपणातच हवाई सुंदरीला निवृत्त करण्याचा एअर इंडियाचा नियम रद्द केला, तो याच दाराने. मे २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की खासगीकरणानंतर एअर इंडियाविरुद्ध रिट याचिका चालणार नाही. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच आहे. परंतु नागरिक म्हणून असलेले हक्क गेले, तर ग्राहक म्हणून असलेले हक्क त्या प्रमाणात बळकट व्हायला हवे होते. ते झाले का, हे पाहण्यासाठी एक साधे परतीचे तिकीट हातात घेऊ.

समजा, कोणी एअर इंडियाने दिल्लीहून फ्रँकफर्टला जाऊन परत येणार आहे. जातानाचे उड्डाण आदल्या रात्री रद्द झाले. नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमानुसार कंपनीने पर्यायी विमान किंवा संपूर्ण परतावा द्यायचा. रद्द झाल्याचे चोवीस तास आधी कळवले नसेल तर वर नुकसानभरपाई. दोन तासांहून लांबच्या उड्डाणासाठी ती १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांतील जी रक्कम कमी असेल ती. एक तासापर्यंतच्या उड्डाणासाठी ५,००० आणि दोन तासांपर्यंतसाठी ७,५०० अशी वरची मर्यादा आहे. उड्डाण रद्द न होता नुसतेच आठ तास रखडले, तर रोख भरपाई काहीच नाही. ठरावीक तासांनंतर खाणेपिणे, सहा तासांहून अधिक उशिराला पर्यायी विमान किंवा परतावा, आणि रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यानच्या विमानाला सहा तासांहून अधिक उशीर झाल्यास हॉटेल, एवढेच. पक्के तिकीट असूनही विमानात जागा नाकारली आणि तासाभरात दुसरी सोय केली नाही, तर भाड्याच्या दुप्पट किंवा चौपट भरपाई, पण कमाल अनुक्रमे १०,००० आणि २०,००० रुपये.

आता परतीचा प्रवास. तीच कंपनी, तसेच विमान, तोच प्रवासी, तेच अंतर. परंतु उड्डाण युरोपीय संघाच्या भूमीवरून होत असल्याने संघाचा २००४ चा नियम लागू होतो. विमान कंपनी कोणत्या देशाची आहे याला तेथे महत्त्व नाही. साडेतीन हजार किलोमीटरहून लांब उड्डाण कंपनीच्या दोषाने ऐनवेळी रद्द झाले तर ६०० युरो, म्हणजे आजच्या दराने साठ हजार रुपयांच्या आसपास. २००९ पासून युरोपच्या न्यायालयाने मुक्कामी तीन तास किंवा अधिक उशीर हाही भरपाईच्या बाबतीत रद्द झाल्यासारखाच मानला आहे. यंत्रातील नेहमीचा बिघाड हे ‘असाधारण कारण’ धरता येणार नाही, असेही त्याच न्यायालयाने २००८ मध्ये ठरवले. तिकीट स्वस्तात मिळाले होते म्हणून रक्कम घटत नाही.

याहून टोचणारी तुलना दिल्लीच्या विमानतळावरच दिसते. एकाच दिवशी दोन विमाने फ्रँकफर्टला निघायची आहेत : एक एअर इंडियाचे, एक लुफ्तान्साचे. दोन्ही कंपनीच्या चुकीने रद्द होतात. युरोपीय नियम युरोपीय कंपन्यांच्या युरोपात उतरणाऱ्या उड्डाणांनाही लागू असल्याने लुफ्तान्साच्या भारतीय प्रवाशाचा दावा ६०० युरोंचा, आणि एअर इंडियाच्या प्रवाशाचा जास्तीत जास्त दहा हजार रुपयांचा. ज्याने ‘आपले’ विमान निवडले त्याला एक षष्ठांशही मिळत नाही. ब्रिटनमध्येही संघातून बाहेर पडल्यानंतर जवळपास हीच व्यवस्था कायम ठेवण्यात आली असून लंडनहून दिल्ली वा मुंबईला येताना ती उपयोगी पडते.

म्हणून वाचकांना काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. तिकिटावर कंपनीचे सांकेतिक क्रमांक काहीही असले तरी प्रत्यक्ष विमान कोण चालवणार आहे, हे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, ते वाचावे. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या जागतिक गटात आहे आणि तिच्या क्रमांकावर लुफ्तान्साचे विमान असणे ही नेहमीची बाब आहे. युरोपीय नियमात जबाबदारी प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीची असते. वाटेत विमान बदलायचे असेल तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्यावेत. वेगवेगळी तिकिटे काढली तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकल्याची जबाबदारी कोणावरच येत नाही. वरच्या श्रेणीचे तिकीट असून खालच्या श्रेणीत बसवले तर, २०२३ मध्ये डीजीसीएने आणलेल्या तरतुदीनुसार, देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के आणि परदेशप्रवासात अंतरानुसार ३० ते ७५ टक्के रक्कम परत मिळते. ही तरतूद चांगली आहे, आणि ठाऊक असलेले प्रवासी थोडे आहेत. परतावा न मिळणाऱ्या सवलतीच्या तिकिटावरही विमानतळाची शुल्के आणि कर परत मिळायलाच हवेत; मागितल्याशिवाय ते बहुधा येत नाहीत. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद झाल्याने युरोप-अमेरिकेच्या फेऱ्या लांबल्या. त्यामुळे होणारा उशीर कंपनीच्या आवाक्याबाहेरचा ठरतो आणि त्यावर कोठेही भरपाई मिळत नाही. पुढचे विमान गाठायचे असेल तर मध्ये पुरेसा अवकाश ठेवणे हाच उपाय.

सामानाची गोष्ट आणखी विचित्र आहे. परदेशप्रवासातील सामान, उशीर आणि मृत्यू यांबाबत भारत २००९ पासून माँट्रियल कराराचा भाग आहे. त्यातील दायित्वाच्या मर्यादा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एसडीआर या हिशोबी एककात असतात आणि महागाईनुसार दर पाच वर्षांनी त्यांचा फेरविचार होतो. २८ डिसेंबर २०२४ पासून सामानाची मर्यादा दर प्रवाशामागे १,५१९ एसडीआर झाली, म्हणजे दीड लाख रुपयांहून बरीच अधिक. देशांतर्गत प्रवासात तीच मर्यादा २०,००० रुपये आहे. मुंबईहून दुबईला जाताना हरवलेली पेटी आणि मुंबईहून नागपूरला जाताना हरवलेली तीच पेटी यांच्या किमतीत हा फरक का असावा, याचे समाधानकारक उत्तर मला कोणत्याही टिपणीत वाचायला मिळालेले नाही. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेल्या विमानाच्या अपघातात २६० जणांचा बळी गेला. तेव्हा याच कराराची चर्चा झाली. प्रवाशाच्या मृत्यूबद्दल १,५१,८८० एसडीआरपर्यंतचे दायित्व कंपनीला दोष सिद्ध न होताही स्वीकारावे लागते, आणि त्यापुढील रकमेतून सुटका हवी असेल तर आपली हयगय नव्हती हे कंपनीने सिद्ध करायचे असते. टाटा समूहाने जाहीर केलेले प्रत्येकी एक कोटी रुपये या कायदेशीर दायित्वाहून वेगळे आहेत. हे दावे दोन वर्षांच्या आत दाखल करावे लागतात. शोकात बुडालेल्या कुटुंबांना ही मुदत शासनाने आपणहून कळवायला हवी.

नियम कागदावर असणे आणि पैसे हातात पडणे यांत किती अंतर असते, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतून आले. कोविडच्या काळात रद्द झालेल्या उड्डाणांचे परतावे रखडवल्याबद्दल नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या परिवहन खात्याने एअर इंडियाला १२ कोटी १५ लाख डॉलर प्रवाशांना परत करायला लावले आणि वर १४ लाख डॉलरचा दंड केला. तक्रारी बहुतांशी सरकारी मालकीच्या दिवसांतल्या होत्या. भारताच्या ध्वजवाहकाने अडवलेले पैसे परक्या देशाच्या नियामकाने सोडवून दिले! आपल्याकडे २०२३ च्या नोव्हेंबरात प्रवाशांना देय असलेल्या सोयी आणि भरपाई न दिल्याबद्दल डीजीसीएने याच कंपनीला दहा लाख रुपयांचा दंड केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर चाकाची खुर्ची न मिळालेल्या वृद्ध प्रवाशाच्या मृत्यूनंतर तीस लाखांचा. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते. ज्याची गैरसोय झाली त्याला त्यातला रुपयाही मिळत नाही.

डीजीसीएला केवळ दोष देणे सोपे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने नोंदवले की तेथील मंजूर १,०६३ पदांपैकी केवळ ५५३ भरलेली आहेत. अर्ध्या माणसांनिशी विमानांची सुरक्षा, वैमानिकांचे परवाने आणि प्रवाशांच्या तक्रारी हे सारे सांभाळायचे, तर तक्रारींचा क्रमांक शेवटचा लागणार, हे कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला कळते. आणि ते एका परीने योग्यही आहे, सुरक्षा पहिली. म्हणूनच प्रवाशांच्या हक्कांचे काम त्या संस्थेपासून वेगळे काढून त्यासाठी स्वतंत्र, छोटी आणि अर्धन्यायिक यंत्रणा असावी, असे मला वाटते.

कंपन्यांचा प्रतिवाद ठरलेला आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. भारतात भाडी कमी आहेत, इंधनावरील कर जबर आहेत, नफा जेमतेम आहे. युरोपाइतकी भरपाई लादली तर भाडी वाढतील. युरोपचे आकडे जसेच्या तसे आणावेत असे मीही म्हणत नाही. परंतु आपल्या मर्यादा ऑगस्ट २०१६ पासून जशाच्या तशा आहेत. दहा वर्षे हलत नसलेली रक्कम दरवर्षी आपोआप घटत असते. शिवाय ‘जी कमी असेल ती’ या चार शब्दांनी स्वस्त तिकीट काढणाऱ्याची गैरसोयही स्वस्त ठरवली जाते. बाजार प्रवाशाचे रक्षण करील, हे म्हणणे तर आता गंभीरपणे घेता येत नाही. देशांतर्गत वाहतुकीचा सुमारे नऊ-दशांश भाग इंडिगो आणि एअर इंडिया समूह या दोघांच्या हाती आहे. डिसेंबर २०२५ च्या आरंभी वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांची पूर्वतयारी न केल्याने इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. लग्नसराईतले लोक विमानतळांवर अडकले आणि सरकारला भाड्यांवर तात्पुरती कमाल मर्यादा घालावी लागली. प्रवाशाला जायला दुसरे दार नव्हते. तेव्हाही संकट ओसरल्यावर भरपाईचा प्रश्न कंपनीने किती औदार्य दाखवावे अशा भाषेत बोलला गेला.

सरकारने कंपनी विकताना एक अट घातली होती : एअर इंडियाचे नाव आणि बोधचिन्हे पाच वर्षे कोणालाही हस्तांतरित करता येणार नाहीत, आणि त्यानंतरही ती भारतीयाकडेच राहिली पाहिजेत. महाराजाची एवढी काळजी घेणाऱ्या करारनाम्याच्या काळातच प्रवाशाच्या हक्कांची एक सनद कायद्यात घालणे अवघड नव्हते. आजही फारसे काही अडत नाही. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आहे आणि त्याखाली नियम करण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. भरपाईची रक्कम अंतराशी आणि महागाईच्या निर्देशांकाशी जोडणे, मोठ्या उशिराला रोख भरपाई लागू करणे, आणि ती प्रवाशाने न मागता ज्या खात्यातून तिकीट काढले त्याच खात्यात ठरावीक दिवसांत जमा करण्याची सक्ती करणे, एवढ्याने सुरुवात होईल. देशांतर्गत सामानाची वीस हजारांची मर्यादा तर साध्या अधिसूचनेने वाढवता येते. ती फाइल कोणत्या मेजावर आहे, हे विचारायला माहितीच्या अधिकाराचा अर्ज अजून चालतो, कारण मंत्रालय विकले गेलेले नाही.

तोपर्यंत प्रवाशाने बोर्डिंग पास फेकू नये. उशिराचे वा रद्दतेचे कारण काउंटरवर लेखी मागावे; न दिल्यास फलकाचे छायाचित्र काढून ठेवावे. सामानाची तक्रार विमानतळ सोडण्यापूर्वी नोंदवावी. परदेशप्रवासात मोडतोडीची लेखी सूचना सात दिवसांत आणि उशिरा आलेल्या सामानाची एकवीस दिवसांत कंपनीला द्यावी लागते, त्यानंतर हक्क जातो. कंपनीने दाद दिली नाही तर ‘एअरसेवा’ या सरकारी संकेतस्थळावर तक्रार करता येते, आणि तेथेही काही झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने हा दावा दिल्लीला किंवा कंपनीच्या मुख्यालयी जाऊन करावा लागत नाही. प्रवासी सातारा, बेळगाव किंवा इंदूर, जेथे राहतो तेथल्या आयोगात तो दाखल होतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही.